इंजिन जागच्या जागीं

मोटारगाडी बिघडली म्हणजे घरांतल्या सर्वांचें लक्ष प्रथम इंजिनाकडे जातें. इंजिन आवाज करतें, तापतें, धूर सोडतें. त्याच्या तक्रारी कानाला ऐकूं येतात व नाकाला कळतात. ज्या पोलादी चौकटीवर पुढचीं चाकें, सुकाणूची यंत्रणा आणि पुष्कळदां स्वतः इंजिनही विसंबून असतें, ती चौकट मात्र मुकी असते. गाडीच्या पोटाखालीं चिखलाच्या व तेलाच्या पुटाआड ती वर्षानुवर्षें पडून राहते आणि कुजली तरी ओरडत नाहीं. तिला सबफ्रेम म्हणतात. मराठींत उपचौकट म्हणतां येईल. पण कारखान्यांतील माणसें सबफ्रेमच म्हणतात, आणि तोच शब्द येथें ठेवणें सोयीचें आहे. ही पुढची सबफ्रेम कुजली किंवा वांकली तर ती बदलावी लागते. आणि ती बदलतांना वरचें इंजिन बाहेर काढावें, कीं होतें तेथेंच राहूं द्यावें, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न दिसावयाला केवळ कारागिराचा आहे. पण जुनी गाडी रस्त्यावर राहते कीं भंगारांत जाते हें पुष्कळदां त्याच्याच उत्तरावर ठरतें. आणि गाडीखालीं निजून काम करणाऱ्या माणसाचा जीवही त्याच उत्तरावर अवलंबून असतो.

जुन्या वाड्यांत खांब बदलण्याची रीत ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस या कामाचें मर्म लवकर कळेल. खांबाचा बुंधा वाळवीनें पोखरला म्हणून सुतार कांहीं वरचा मजला उतरवीत नाहीं. तो तुळईला शेजारीं धिरे देतो, तिचें ओझें केसभर उचलून त्या धिऱ्यांवर घेतो आणि मगच कुजका खांब काढतो. कोणता भार कोणत्या खांबावर उतरतो हें त्यानें आधींच ताडलेलें असतें. मोटारींतही नेमकें हेंच करावयाचें असतें. फरक इतकाच कीं, मोटारीच्या तुळया पत्र्याआड दडलेल्या असतात आणि कोण कोणास धरून आहे हें वरून दिसत नाहीं.

पूर्वीच्या मोटारींस दोन लांब पोलादी तुळया व त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी शिडीसारखी चासी असे. इंजिन, चाकें, बैठका, सारें तिच्यावर बसे. पुढें पत्र्याचें अंगच इतकें बळकट बनवितां येऊं लागलें कीं, वेगळ्या शिडीची जरूर उरली नाहीं. परंतु पत्र्याची पेटी सबंध मिळून बळकट असली तरी एकाच ठिकाणीं बसणारे धक्के तिला सोसत नाहींत. पुठ्ठ्याच्या भक्कम खोक्यावर माणूस बसूं शकतो. त्याच खोक्याला एक खिळा मारून त्यावर बादली टांगली, तर खिळा पुठ्ठा फाडून बाहेर येतो. चाकांचे धक्के असेच एकेका बोल्टावर येतात.

हा धडा ब्रिटनमधील मिनी गाडीच्या जन्मकाळीं चांगलाच मिळाला. १९५६ सालीं सुवेझ कालव्याचा पेंच उद्भवला, पेट्रोल दुर्मिळ झालें, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्यें तें शिधापत्रिकेवर मिळूं लागलें. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनीं ॲलेक इसिगोनिस या अभियंत्यास अगदीं लहान, पण चार माणसें नीट बसतील अशी गाडी तयार करण्यास सांगितलें. अट एवढीच कीं, इंजिन कंपनीजवळ तयार असलेलेंच वापरावें. इसिगोनिस यांनीं तें इंजिन आडवें बसविलें, गिअरपेटी त्याच्या पोटांत तेलाच्या टांकींतच घातली आणि पुढचीं चाकें त्यानें फिरविलीं. सुमारें दहा फूट लांबीच्या गाडींत बहुतेक सारी जागा माणसांस मिळाली. पण पहिल्या प्रायोगिक गाड्यांत चाकांचे धक्के थेट अंगाच्या पत्र्यावर येत, आणि कांहीं काळ खडबडीत रस्त्यांवर हिंडविल्यावर पत्र्याला त्या जागीं तडे जाऊं लागले. तेव्हां पुढें एक व मागें एक अशा दोन पोलादी चौकटी घालून धक्के त्यांच्यामार्फत अंगावर पसरून देण्यांत आले. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं मिनी लोकांपुढें आली ती या दोन सबफ्रेमांसह. ४ ऑक्टोबर २००० रोजीं शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या, आणि पत्र्याला गेलेल्या त्या तड्यांची आठवण म्हणून कीं काय, प्रत्येकीच्या पोटाखालीं या चौकटी होत्या.

मिनींत इंजिन सबफ्रेमच्या कुशींत बसतें. दोन रबरी गाद्यांवर त्याचें सारें वजन सबफ्रेमवर उतरतें. वरच्या बाजूला इंजिन व गाडीचें अंग यांमध्यें जो आडवा दांडा असतो तो इंजिनाला डुलूं देत नाहीं, पण त्याचें ओझें घेत नाहीं. म्हणून येथें बांधणीचा क्रमच असा कीं, सबफ्रेम, इंजिन व पुढचीं चाकें यांचा एक गठ्ठा करून तो खालून गाडीला जोडावयाचा. आणि दुरुस्तींतही बोल्ट सोडून गाडीचें धड वर उचलावयाचें व गठ्ठा जमिनीवर ठेवून बाहेर ओढावयाचा. एखादा हौशी कारागीर इंजिन वरून सांखळीनें टांगून नुसती चौकट खालीं उतरवूं पाहतो. पण त्यासाठीं सोडावयाच्या जोडण्या जवळजवळ तितक्याच असतात आणि काम मात्र अडचणींत पडून करावें लागतें. मिनीपुरता हा सौदा किफायतशीर नाहीं. सुदैवानें मिनीची पुढची सबफ्रेम मागच्या मानानें पुष्कळ टिकते. याचें श्रेय रचनेला कमी आणि वरून सतत ठिबकणाऱ्या इंजिनाच्या तेलाला अधिक आहे. मागच्या चौकटीच्या नशिबीं हें अभ्यंगस्नान नसल्यामुळें ती आधीं कुजते.

मग इंजिन जागच्या जागीं ठेवून सबफ्रेम काढण्याची सोय आली कोठून? तिचें मूळ इटलींत आहे. फियाट कंपनीचे अभियंते दांते जाकोझा यांनीं आडव्या इंजिनाची कल्पना ठेविली, पण गिअरपेटी इंजिनाच्या पोटांत न घालतां त्याच्या शेजारीं, एका रांगेंत बसविली. १९६४ ची आउटोबियांकी प्रिमुला व १९६९ ची फियाट १२८ या त्या पद्धतीच्या गाड्या. पुढें बहुतेक साऱ्या जगानें तीच रचना उचलली. इंजिन व गिअरपेटी मिळून गाडीच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत पोंचेल असा लांबट गठ्ठा झाल्यामुळें त्याला दोन टोकांशीं धरणें शक्य झालें. १९९७ सालीं आलेल्या चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फ गाडींत पाहिलें तर इंजिनाच्या बाजूची एक रबरी बैठक उजवीकडच्या पोलादी तुळईवर, गिअरपेटीची दुसरी बैठक डावीकडच्या तुळईवर, आणि त्या दोहोंच्या मधोमध इंजिन पाळण्यासारखें टांगलेलें. खालीं एक आंखूड दुवा असतो, तो सबफ्रेमला जोडलेला असतो. पाळणा जसा दोरीवर लोंबतो पण झोंका रोखावयाला हात लावावा लागतो, तसा हा दुवा: वजन धरीत नाहीं, गति देतांना व गाडी थांबवितांना इंजिन मागेंपुढें झुलूं पाहतें तेवढें रोखतो.

या एका गोष्टींत सगळा निकाल आहे. इंजिन चौकटीवर बसलें आहे, कीं अंगाला टांगलेलें आहे? टांगलेलें असेल तर चौकट काढल्यानें तें पडत नाहीं. फक्त झुलूं लागतें, आणि तेवढा झोंका रोखला कीं पुरे. या दोहोंच्या मधलाही एक प्रकार आहे. बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या १९९० पासून निघालेल्या तिसऱ्या मालिकेच्या गाड्यांत इंजिन उभें, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनें असतें आणि त्याचे दोन पाय पुढच्या आडव्या चौकटीवर टेकलेले असतात. तेथें तेलाच्या टांकीची नुसती गळणारी पट्टी बदलावयाची म्हटली तरी चौकट खालीं उतरवावी लागते. तेवढा वेळ इंजिनाचा पुढचा सारा भार वरून टांगून घ्यावा लागतो. दिसावयाला हें काम व गोल्फचें काम सारखेंच. पण एका ठिकाणीं वरच्या आंकड्यावर केवळ झोंक्याचा ताण असतो, दुसऱ्या ठिकाणीं जीवघेणें वजन. ज्याला हा भेद ठाऊक नाहीं त्यानें पाना हातीं धरूं नये.

चौकट कुजते कशी, हेंही थोडें पाहिलें पाहिजे, कारण ती आंतून कुजते व त्यामुळें फसविते. सबफ्रेम म्हणजे भरीव लोखंड नव्हे. पत्र्याचे दोन पन्हळी तुकडे कडेला कडा जोडून केलेली ती पोकळ पेटी असते. ब्रिटनमध्यें हिंवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून खडेमीठ पसरतात. चेशायर परगण्यांतील विन्सफर्ड येथें १८४४ पासूनची मिठाची खाण आहे, तिचें मीठ याच कामीं जातें. मीठमिश्रित चिखल चाकांनीं उडतो, सबफ्रेमच्या भोंकांतून आंत शिरतो आणि तेथेंच बसतो. मीठ हवेंतील ओल धरून ठेवतें, आणि खारें पाणी लोखंडाच्या कुजण्याला साध्या पाण्याहून पुष्कळ अधिक मदत करतें. मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खारा वारा खिडकीच्या गजांचें जें करतो तेंच येथें बंद पेटींत, दृष्टिआड चाललेलें असतें. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो; त्यामुळें जोडाच्या दोन पत्र्यांमध्यें तो सांचला म्हणजे पाचरीसारखा त्यांस फांकवितो. वरचा काळा रंग शाबूत दिसत असतां खालचा पत्रा पापडासारखा झालेला असतो.

म्हणून तपासणी डोळ्यांनीं नव्हे, हातोडीनें करावी. निकोप पोलाद टणत्कार करतें, कुजलेलें भद्द वाजतें. टोंकदार लोखंडानें दाबून पाहिलें असतां तें आंत गेलें तर मग वादाला जागाच नाहीं. ब्रिटनमध्यें १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली आणि १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाडीलाही लागू झाली. चाकांचे सांधे किंवा सुकाणू जेथें बसविलेले असतात त्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आंत पोलाद कुजून कमकुवत झालेलें आढळलें, तर गाडी नापास होते. हा नियम कित्येकांस जाचक वाटतो. पण चाकाचा खालचा हात जेथें सबफ्रेमला धरलेला असतो ती जागा भर वेगांत तुटली, तर चाक आडवें होतें आणि सुकाणू हातांत असूनही निरुपयोगी ठरतें. हें लक्षांत घेतलें म्हणजे तीस सेंटिमीटर अधिक वाटत नाहींत.

आतां इंजिन काढण्याचें टाळावें तें कां? इंजिनाचें वजन हें एक कारण झालें, पण खरें कारण तें नव्हे. इंजिन काढावयाचें म्हणजे थंडाव्याचें पाणी काढावें लागतें, पेट्रोलच्या नळ्या सोडाव्या लागतात, गारव्याच्या यंत्रणेंतील वायु योग्य साधनानें काढून घ्यावा लागतो, आणि विजेच्या तारांच्या डझनावारी जोडण्या सोडाव्या लागतात. वीस वर्षांच्या गाडींत या जोडण्यांचें प्लास्टिक उष्णतेनें ठिसूळ झालेलें असतें. सोडतांना एक कान मोडतो, जोडतांना दुसरा. आणि चौकट नवी झाली पण इंजिन अडखळूं लागलें, अशी अवस्था होते. जें बिघडलेलें नाहीं त्याला हात न लावणें ही येथें खरी काटकसर आहे. मात्र इंजिनाला स्वतःचेंच मोठें काम निघालें असेल, क्लच झिजला असेल किंवा मागच्या बाजूनें तेल गळत असेल, तर हट्टानें इंजिन आंत ठेवण्यांत शहाणपण नाहीं. तसेंच ज्या तुळयांना सबफ्रेमचे बोल्ट बसतात त्या तुळयाच कुजल्या असतील, तर सारेंच उतरवून प्रथम त्यांचा बंदोबस्त करावा. वाळवी लागलेल्या तुळईला नवा खांब देऊन काय होणार?

प्रत्यक्ष कामाची सुरुवात पाना लावण्याच्या तीन-चार दिवस आधीं होते. गाडीच्या अंगांतील नटांमध्यें सबफ्रेमचे जाड बोल्ट गेलेले असतात, आणि हे नट तुळईच्या आंत कायमचे जोडलेले असतात. बोल्ट गंजून नटाशीं एकजीव झाला असेल व कोणी तो अंगमेहनतीनें फिरविला, तर एक तर बोल्ट तुटतो, किंवा नट आंतल्या आंत सुटून बोल्टाबरोबर गरगर फिरूं लागतो. हा दुसरा प्रकार अधिक वाईट. मग तुळई कापून आंत हात घालावा लागतो, आणि एका दुपारचें काम आठवड्यावर जातें. म्हणून रोज थोडें गंज सोडविणारें तेल वरून व खालून घालीत राहावें आणि सोडतांना थोडें पुढें, थोडें मागें असें फिरवीत जावें. ज्वाळेची ऊब गुणकारी खरी. पण शेजारून पेट्रोलची व ब्रेकची नळी जाते, आणि खालच्या बाजूला लावलेला डांबरी लेप पेट घेतो, हें विसरून चालत नाहीं.

गाडी सपाट व टणक जमिनीवर घ्यावी, बॅटरीची तार सोडावी, पुढचीं चाकें सरळ करून सुकाणू कुलपानें अडकवून ठेवावें. या शेवटच्या सूचनेला कारण आहे. सुकाणूचा दांडा खालच्या यंत्रणेपासून सोडल्यावर वरचें चक्र मोकळें फिरूं शकतें, आणि अपघातांत फुगणाऱ्या सुरक्षापिशवीची तारेची गुंडाळी त्याच चक्राखालीं असते. चक्र दोन-चार फेरे भलतीकडे फिरलें तर ती तुटते. त्यानंतर गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवावयाची. या घोड्या सबफ्रेमखालीं कधींही लावावयाच्या नाहींत. सवयीचा कारागीरही येथें चुकतो, कारण एरवीं जॅक लावावयाला तीच सर्वांत सोयीची जागा वाटते. आज मात्र तीच जागा निघून जाणार असते. घोड्या गाडीच्या अंगाच्या नेमून दिलेल्या बळकट जागीं लावाव्या आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही खालीं जाऊं नये.

मग इंजिनाचा आधार. कित्येक जण इंजिनाखालीं लांकडाचा ठोकळा घालून जॅक लावतात. हें दोन कारणांनीं अयोग्य. खालची तेलाची टांकी पातळ पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची असते, ती चेपते वा फुटते. आणि जॅक जेथें उभा राहतो तेथूनच चौकट खालीं यावयाची असते. आधार वरूनच हवा. त्यासाठीं एक पोलादी दांडा दोन्ही बाजूंच्या मडगार्डांच्या आंतल्या मजबूत कडांवर आडवा टेकवितात. त्यांतून आंटे पाडलेले आंकडे खालीं सोडून ते इंजिनाच्या उचलण्याच्या कड्यांत अडकवितात, आणि वरचा नट फिरवून ताण घेतात. ताण किती? रबरी बैठकींचा दाब किंचित् हलका झालेला दिसेल इतकाच. अधिक ओढलें तर त्याच बैठकी उलट्या ताणल्या जातात, व वरच्या नळ्याही ओढल्या जातात. दांड्याचे पाय पातळ पत्र्यावर टेकले तर मडगार्डाला खळगा पडतो हें निराळें.

चाकें व खालचा आडपडदा काढल्यावर जोडण्या एकेक करून सोडावयाच्या. डोलरोधक दांड्याचे दुवे, चाकाच्या खालच्या हातांचे गोलसांधे, इंजिनाचा झोंका रोखणारा तो आंखूड दुवा, धुराड्याच्या नळीचा आधार. गोलसांधा सुटल्यावर चाकाचा गाभा मोकळा होऊन बाहेर झुकतो. त्याला तारेनें बांधून ठेवलें नाहीं तर चाक फिरविणाऱ्या दांड्याचा आंतला सांधा ओढला जाऊन निखळतो, आणि ब्रेकच्या रबरी नळीवर सारा भार येतो. सुकाणूची दांतेरी पट्टी सबफ्रेमलाच बोल्टांनीं बसविलेली असेल तर दोन मार्ग असतात. तिच्या तेलाच्या नळ्या सोडून ती चौकटीबरोबर उतरवावी, किंवा तिचे बोल्ट काढून ती तारेनें वर अंगाला बांधून ठेवावी. दुसरा मार्ग बरा. जुन्या नळ्यांचे सांधे एकदां सोडले कीं, पुन्हां न गळतां बसतीलच असें नाहीं.

शेवटचे बोल्ट सोडण्यापूर्वीं एक काम राहतें, आणि घाईंत नेमकें तेंच राहून जातें. सबफ्रेमच्या बोल्टांचीं भोंकें बोल्टांहून थोडीं मोठीं असतात, त्यामुळें चौकट एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे बसूं शकते. एवढ्याशा फरकानें काय बिघडतें? चाकांचे खालचे हात चौकटीला जोडलेले, वरचे टोंक अंगाला. चौकट डावीकडे सरकली कीं दोन्ही चाकांचे तळवे डावीकडे सरकतात, एक चाक आंत कलतें, दुसरें बाहेर. मग गाडी एका बाजूला ओढते आणि टायरची एक कड झिजते. म्हणून जुनी चौकट जागेवर असतांनाच तिच्या कडेनें अंगावर खुणा ओढाव्या, आणि गाडीच्या अंगावरील ठराविक बिंदूंपासून तिच्या कोपऱ्यांचीं तिरकीं अंतरें मोजून लिहून ठेवावीं. कांहीं कारखाने यासाठीं बोल्टांच्या जागीं तात्पुरत्या खुंट्या देतात. त्या एकेक करून बसवीत गेल्यास चौकट हलतच नाहीं. जुनी चौकट अपघातांत वांकली असेल, तर मात्र जुन्या खुणा खोट्या. तेथें कारखान्याच्या मापांवरच विसंबावें लागतें.

चौकट उतरवितांना खालीं फळी घातलेला जॅक आणि दोन माणसें असावीं. ती थोडी उतरवून थांबावें आणि भोंवतालीं दिवा फिरवून पाहावें. एखादी विसरलेली तार किंवा नळी अशाच वेळीं ताणलेली दिसते. चौकट बाहेर आल्यावर इंजिन वर तसेंच लोंबत राहिलेलें दिसतें, आणि प्रथमच पाहणारा मनुष्य थोडा दचकतो. एवढ्यांत उघड्या पडलेल्या तुळयांचे टोंक घासून पाहावे, गंज खरवडून रंग द्यावा, नटांचे आंटे साफ करावे. पुढें दहा वर्षें तेथें हात पोंचणार नसतो.

नवी चौकट बसविण्यापूर्वीं तिच्या पोकळींत पातळ मेण फवारावें आणि पाणी निघून जाण्याचीं भोंकें मोकळीं राहिलीं आहेत हें पाहावें. बोल्ट नवे घ्यावे. हे बोल्ट प्रथम ठराविक जोरानें आवळून मग आणखी पाव फेरा फिरवावयाचे असतात. त्या पाव फेऱ्यांत बोल्ट स्प्रिंगसारखा ताणला जातो व त्या ताणावरच चौकट घट्ट धरून ठेवतो. एकदां ताणलेला बोल्ट पुन्हां तितका ओढ धरीलच असें नाहीं. त्यांच्या पैशांत केलेली बचत ही या कामांतील सर्वांत महाग बचत आहे. सारे बोल्ट प्रथम हातानें बसवून, खुणा जुळवून, मगच आवळावे. एक कोपरा पुरता आवळून दुसऱ्याकडे गेल्यास चौकट तिरपी अडकते.

चाकांच्या खालच्या हातांना जे रबरी बुश असतात, त्यांतून जाणारे बोल्ट गाडी घोड्यांवर असतांना पुरते आवळूं नयेत. त्या वेळीं चाकें खालीं लोंबत असतात. तशा स्थितींत बुश आवळले कीं रबर त्याच कोनांत पकडलें जातें; गाडी जमिनीवर येतांच तें पिळवटतें आणि कायमचें पिळलेलें राहून थोड्याच दिवसांत फाटतें. गाडीचें वजन चाकांवर घेऊन, ती आपल्या नेहमींच्या उंचीला बसल्यावरच हे बोल्ट आवळावयाचे. इंजिन रोखणारा खालचा दुवाही असाच शेवटीं, वरचा आंकड्याचा ताण सोडून व इंजिन एकदां मागेंपुढें हलवून स्वस्थ झाल्यावर आवळावा. नाहीं तर चांगल्या गाडींतही थांबल्या जागीं एक थरथर सुरू होते आणि तिचें कारण कोणालाच सांपडत नाहीं.

यानंतर वरचा दांडा काढावा, सुकाणूचा सांधा मूळ खुणेवर जोडून त्याचा नवा बोल्ट बसवावा, आणि गाडी प्रथम अगदीं सावकाश, मोकळ्या जागेंत चालवून ब्रेक व सुकाणू पाहावें. खुणा कितीही तंतोतंत जुळल्या असल्या तरी चाकांचा कोन यंत्रावर मोजून घ्यावा लागतोच. कांहीं दिवस चालविल्यावर गाडी पुन्हां उचलावी आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर व शेजारच्या पोलादावर बसविते वेळीं जी रंगाची एकच रेघ ओढून ठेवली असेल ती अजून सरळ आहे कीं तुटली आहे, तें दिवा धरून पाहावें.